पलटणीच्या मागावर: सांग्रो ते सेनिओ

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले. घरात माहिती होती ती एवढीच. कुठल्या गावी, कोणत्या लढाईत, असं विचारलं की प्रत्येक काकाचं उत्तर वेगळं. एप्रिलमध्ये मी आणि आतेबहीण त्यांच्या मागावर इटलीत जाऊन आलो. कोकणात आणि देशावर असा एकजण बऱ्याच घरांत निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

विमानाचं तिकीट काढण्याआधी कागद शोधा, आणि कागदांत नावापेक्षा नंबर. एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे जाधव, शिंदे, पवार ढिगाने सापडतात. सैन्य क्रमांक आणि बटालियन या दोन गोष्टी हातात असल्या की काम अर्धं झालं. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे थोरल्या आजीच्या, पेन्शनच्या पुस्तकात मिळाल्या. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या रेशनकार्डांच्या गठ्ठ्यात ते पुस्तक होतं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नंबर शाबूत. तुमच्याकडे पुस्तक नसेल तर मनीऑर्डरच्या पावत्या, पलटणीतून आलेलं पत्र, पदकं, काहीही चालेल. पदकाची कड भिंगाखाली धरून बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरात काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करा. साध्या शिपायाचं सेवापत्रक लंडनमध्ये शोधत बसू नका, ते कागद इकडेच राहिले.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरचा शोध. तो फुकट आहे, पण स्पेलिंगचा घोळ सांभाळावा लागतो. रेजिमेंटचं तेव्हाचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, आणि इंग्रजीत ‘मराठा’ तेव्हा Mahratta असं लिहीत, म्हणजे ‘एच’ ‘आर’च्या आधी आणि ‘टी’ दोन. आडनावाची स्पेलिंगं तर साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून बघा. जिल्हाही त्या काळचाच धरा: रायगड नव्हे, कुलाबा; सिंधुदुर्ग नव्हे, रत्नागिरी. पुष्कळ नोंदींत वडिलांचं आणि बायकोचं नाव, गाव, जिल्हा असं सगळं असतं. आमच्या नोंदीत थोरल्या आजीचं नाव दिसलं तेव्हा आतेबहीण काही वेळ बोललीच नाही.

नोंदीत ‘क्रीमेशन मेमोरियल’ असं असेल तर कबर शोधायची नाही. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यामुळे तिथे फक्त दगडावर कोरलेलं नाव आहे. ज्यांचा देहच मिळाला नाही किंवा ओळख पटली नाही, त्यांची नावं रोम आणि नेपल्सच्या मधल्या कॅसिनो गावातल्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालेले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात पडले, त्यांचंही नाव कॅसिनोलाच आहे.

आमचे हे थोरले आजोबा पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिणेला तारांतोला उतरली, नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढली, मग कॅसिनो, फ्लॉरेन्स, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदी. रोजचा तपशील बटालियनच्या वॉर डायरीत मिळतो. इटलीच्या मोहिमेच्या या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, प्रती पैसे भरून मागवता येतात. त्यात शिपायाचं नाव सापडेल अशी आशा ठेवू नका, नावं बहुधा अधिकाऱ्यांचीच. पण तारीख जुळवली की त्या दिवशी पलटण कुठल्या काठावर होती ते कळतं, आणि प्रवासाला एवढं पुरतं.

सांग्रोची दफनभूमी तोरिनो दी सांग्रो या गावाजवळ आहे. हे तोरिनो म्हणजे उत्तरेचं मोठं शहर नव्हे! तिकीट काढताना पूर्ण नाव बघा. टेकडीवर २,६१७ थडगी आणि तिथेच पाचशेहून जास्त भारतीयांचं दहन-स्मारक. पेस्कारापर्यंत रेल्वेने जा आणि पुढे भाड्याची गाडी घ्या. बसच्या भरवशावर राहिलात तर दिवस जाईल. कॅसिनो सोपं आहे, रोम-नेपल्स मार्गावर स्टेशन आहे आणि दफनभूमी तिथून चालत जाण्याजोगी.

फ्लॉरेन्सला आम्ही वाकडी वाट केली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना तिथे वारले आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. कासिने बागेच्या टोकाला त्यांची छत्री आहे, जवळच्या पुलाला ‘इंडियानो’ म्हणतात. युद्धाशी याचा संबंध नाही, पण मराठी माणसाने टाळू नये.

आमचं खरं ठिकाण फोर्ली. बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारून घ्या, नाहीतर दंड. फोर्लीत युद्धाच्या दफनभूमी दोन आहेत. टॅक्सीवाल्याला ‘इंडियन आर्मी’ हे शब्द स्पष्ट दाखवा, म्हणजे तो दुसरीकडे नेणार नाही. दहन-स्मारकावर साडेसातशेहून अधिक नावं आहेत, रेजिमेंटप्रमाणे लावलेली आणि रेजिमेंटमध्ये हुद्द्याप्रमाणे. त्यामुळे थेट मराठा रेजिमेंटच्या पाटीवर ‘सिपॉय’ या शब्दाखाली बघा. ऊन तिरपं असताना अक्षरं ठळक दिसतात, भर दुपारी फोटोत काही उमटत नाही. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा.

सेनिओला जायचं तर लुगो गाठा, तिथून सायकल किंवा गाडी. नकाशात नदी बघून मी मोठं पात्र धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या ओढ्याएवढी. भीती पाण्याची नव्हतीच, भीती होती दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधांची. उभा चढ, गवताने निसरडा. रिकाम्या हाताने चढतानाही मला गुडघ्यावर हात ठेवावे लागले. जर्मनांनी हेच बांध पोखरून आत मशीनगन बसवल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर जंगी पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांतून बाहेर काढलं, मग मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत उरलेल्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत परतले. आमचे थोरले आजोबा त्याच हल्ल्यात गेले.

आल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. उघडण्याच्या वेळा आधी ईमेलने विचारून घ्या. लुगो आणि आल्फोन्सिने वेगवेगळ्या रेल्वेमार्गांवर आहेत, म्हणून एका दिवसात दोन्ही करायचं तर गाडीच बरी. १० एप्रिल हा आल्फोन्सिनेचा मुक्तिदिन आणि २५ एप्रिल देशभरची सुट्टी. या तारखांना कार्यक्रम असतात, पण राहायची खोली आधीच धरा. तुमचे आजोबा तिसऱ्या बटालियनचे असतील तर पेरुज्याजवळचं मोंतोने गाठा, तिथे २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय.

नोंदीत गावाचं किंवा वडिलांचं नाव चुकलेलं असेल तर कमिशनला पुराव्यासह दुरुस्ती सुचवता येते. पेन्शनच्या पुस्तकाच्या पानांचे स्वच्छ फोटो जाण्याआधीच काढून ठेवा, आणि मूळ पुस्तक घरीच राहू द्या.