रतनगड: शिड्यांनी वर, त्र्यंबक दरवाज्याने खाली

रतनगडावर बहुतेक जण रतनवाडीतून शिड्यांच्या वाटेने चढतात आणि त्याच वाटेने उतरतात. आम्हीही याआधी दोनदा तसंच केलं होतं. या नोव्हेंबरात मात्र त्र्यंबक दरवाज्याने उतरलो, गडाला खालून वळसा घातला आणि पुन्हा रतनवाडीत आलो. गड चारही अंगांनी बघायचा असेल तर असाच करावा, असं माझं आता ठाम मत झालंय.

भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत मुक्काम करून पहाटे जलाशयाच्या काठाने रतनवाडी गाठली. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचं हे पाणी थेट गावापर्यंत येतं. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे प्रवेशशुल्काचे सुटे पैसे जवळ ठेवा. अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आम्ही परतीसाठी राखून ठेवलं आणि साडेसहाला चालायला लागलो.

सुरुवातीची वाट प्रवरेच्या सोबतीने जाते. ही नदी याच डोंगरात उगम पावते. नोव्हेंबरात दगडांवरून सहज पलीकडे जाता येतं, पण भर पावसात हाच ओढा माणसाला अडवून ठेवतो. पुढे दाट झाडीत एक फाटा लागतो. डावीकडची वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, आपण उजवी धरायची. अंधारात निघालात तर हा फाटा हमखास चुकतो, म्हणून तिथे पोहोचेपर्यंत उजाडलेलं असावं.

दोन तासांत शिड्यांखाली पोहोचलो. लोखंडी शिड्या कड्याला उभ्या टेकवलेल्या आहेत. एका वेळी एकानेच चढावं, वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबावं. माकडं इथे ठाण मांडून असतात. खाऊची पिशवी हातात दिसली की ती गेलीच समजा, सगळं सॅकच्या आत ठेवा. सुट्टीच्या दिवशी इथे लांबच लांब रांग लागते, तेव्हा मधला वार साधता आला तर फार बरं.

गणेश दरवाजा आणि त्यावरचा हनुमान दरवाजा ओलांडला की आपण गडावर. रत्नादेवीच्या गुहेपाशी न्याहारी केली, राणीच्या हुड्यावरून, म्हणजे गडाच्या पडक्या बुरुजावरून, कोकणाच्या बाजूला निघालो. इथे घाई करू नका. कड्याच्या काठाने चालताना खालचं कोकण धुक्यातून हळूहळू उघडत जातं आणि पाय आपोआप मंदावतात. मग नेढं. डोंगराच्या माथ्यालाच पडलेलं हे आरपार भोक, आणि त्यातून सुटलेला वारा असा की टोपी धरून बसावं लागलं. अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका बाजूला, आजोबाचा डोंगर दुसऱ्या बाजूला. आम्ही तासभर तिथेच होतो.

नेढ्यावरून उतरून त्र्यंबक दरवाज्याशी आलो. सगळ्या वाटेत मला सर्वांत आवडलेली जागा ही. कातळात खोदलेल्या पायऱ्या अरुंद आणि चांगल्याच उंच आहेत, गुडघ्यांची परीक्षा बघतात. सरळ बसून, हात टेकून उतरलं तर काही बिघडत नाही. समोर खुट्ट्याचा सुळका उभा असतो. पायऱ्या ओल्या असतील तर हा बेत रद्द करा आणि शिड्यांनीच परता. पावसाळ्यात तर हा वळसा मी कुणालाच सुचवणार नाही.

खाली आल्यावर एक वाट साम्रद गावाकडे जाते आणि दुसरी कड्याच्या पायथ्याने आडवी जाऊन रतनवाडीच्या वाटेला मिळते. साम्रदची वाट मळलेली, आपली बारीक. इथेच आमची चूक झाली. वाळत आलेल्या कारवीत एक ढोरवाट खरी वाट वाटली आणि तिने अर्धा तास खाल्ला. पुढे कुठेतरी निघेल, या आशेवर उतरत राहिलो नाही हे बरं केलं. जिथपर्यंत वाटेची खात्री होती तिथे परत गेलो, पुन्हा बारकाईने बघितलं, तेव्हा कड्यालगतची वाट सापडली. कड्यापासून लांब जाऊन सारखं उताराला लागलात, तर थांबा. पहिल्यांदा जात असाल तर रतनवाडीतून वाटाड्या नक्की घ्या. फोनच्या रेंजवर भिस्त ठेवू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या.

माणशी तीन लिटर पाणी नेलं होतं, ते गावात येईपर्यंत संपलं. गडावर टाकी आहेत, पण ते पाणी गाळून आणि शुद्ध करूनच प्यावं. आडव्या वाटेवर पाणी मिळालं नाही. वळसा धरायचा तर दुपारी एकच्या आत त्र्यंबक दरवाजा सोडा. त्याहून उशीर झाला तर शिड्यांची ओळखीची वाट बरी, कारण झाडीत अंधार लवकर पडतो.

चारला मंदिरापाशी पोहोचलो. ज्या घरी सकाळी जेवण सांगून ठेवलं होतं, तिथे पिठलं-भाकरी तयार होती. खांबांवरचं कोरीवकाम बघायला अजून तासभर उजेड शिल्लक होता.