मोसंबीच्या कुंडीतलं आंबट संत्रं

सात वर्षांपूर्वी मोसंबीचं कलम म्हणून लावलेल्या झाडाला यंदा पहिल्यांदाच फळं धरली. मोजून अकरा. पिकली ती मात्र केशरी. साल नखाने सहज सुटली, आत मोकळ्या फोडी, मधोमध पोकळी. संत्रंच म्हणायचं! एक फोड तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. लिंबाच्या तोडीचा आंबटपणा.

बघणारे म्हणाले, संत्रंच आहे, कच्चं असेल. तीन आठवडे झाडावर राहू दिली, तरी चव तीच. तेव्हा छडा लावायला बसले.

रंगावर मी विसंबत नाही. या कुळातल्या फळांचा केशरीपणा रात्रीच्या गारव्यावरही ठरतो. उबदार हवेत पिकलेलं संत्रंही हिरवं राहू शकतं. पान त्यापेक्षा भरवशाचं. देठाच्या दोन्ही बाजूंना पंख असतात ते बघायचे: पपनसाचे रुंद, महाळुंगाला जवळजवळ नाहीतच. माझ्या झाडाला नुसती बारीक किनार होती. कडू नारिंगाचे पंख चांगले ठसठशीत असतात, म्हणजे ते बाद. कॅलामोंडिनची, म्हणजे संत्र्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या आंबट फळाची शंका होती, पण त्याची साल गोडसर लागते. ही चावून पाहिली, गोडवा औषधालाही नाही.

मग बी. वरची साल काढून बीच्या दोन डाळी उलगडल्या तर आत फिकट पोपटी रंग. मँडरीनच्या, म्हणजे संत्र्याच्या रक्ताची ही खूण. पपनस आणि कडू नारिंगाच्या बिया आतून पांढऱ्या असतात. सहा बिया पेरल्या, नऊ रोपं आली. एकाच बीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे निघतात. हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

शेवटचा धागा जुन्या फोटोत सापडला. बहराच्या वेळच्या कळ्यांवर जांभळट झाक होती. संत्र्याची कळी पांढरी असते. जांभळी छटा महाळुंगाकडून येते.

आई मँडरीन, बाप महाळुंग: रंगपूर लाईम! नावात लाईम असलं तरी हे कागदी लिंबू नव्हे. मोसंबी-संत्र्याची कलमं बांधायला याचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम जोडतात ते खालचं मुळांचं झाड, वापरतात, हे आठवलं आणि मी खाली वाकून खोड पाहिलं. मातीपासून वीतभर वर एक वाळकं, करडं थोटूक होतं. ती मोसंबी. कधी वाळली, मला कळलंच नाही. जिवंत फांदी कलमाच्या जोडाखालून, खुंटातून फुटलेली होती आणि तिलाच मी इतकी वर्षं मोसंबी समजून पाणी घालत होते. फार वाईट वाटलं. सुरुवातीलाच जोडाखालचे फुटवे खुडायला हवे होते.

झाड काढणार नाही. खुंट जोमदार आहे. फांदीची साल सुटायला लागली की एका फांदीवर मोसंबीचा डोळा भरेन, म्हणजे मोसंबीची एक कळी सालीखाली बसवून कलम करेन. दुसरी फांदी आहे तशीच राहील, या केशरी फळांसाठी.