एक फोटो म्हणजे नक्की किती?

महिनाअखेरीची एक संध्याकाळ ठरलेली असायची. अर्ध्या स्क्रीनवर लाइटरूम हे फोटो निवडण्याचं-सुधारण्याचं सॉफ्टवेअर, अर्ध्या स्क्रीनवर स्प्रेडशीट, आणि मी बिलासाठी फोटो मोजत बसलेलो. या कामाचे निवडलेले ६१, त्यातले रिटच (बारकाईने दुरुस्त) केलेले ११, तातडीचे ८. दर लावा, गुणा, बेरीज करा. मधेच फोन आला की पुन्हा एकपासून सुरुवात. एकदा क्लायंटनेच कळवलं, "बिलात ५८ लिहिलेत, मला ६१ मिळालेत." भला माणूस. पण न कळवणारे किती असतील, या विचाराने त्या रात्री झोप नीट लागली नाही.

खरं तर बिलाला लागणारी सगळी माहिती सॉफ्टवेअरमध्ये होतीच. निवडलेल्यांना स्टार, रिटच केलेल्यांना लाल लेबल, क्लायंटचं नाव कीवर्डमध्ये. तीच माहिती मी डोळ्यांनी वाचून हाताने दुसरीकडे उतरवत होतो.

पहिला प्रयत्न थेट मुळावरच. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंच्या सगळ्या नोंदींची फाइल, हा एक एसक्यूलाइट डेटाबेस असतो, त्यामुळे तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेने वाचता येतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवरच प्रयोग करायचे, एवढं पथ्य पाळलं. तरी एकदा प्रोग्राम चालू असतानाच प्रत काढली, आणि नुकतेच दिलेले स्टार तिच्यात नव्हतेच. ताजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात आणि मी फक्त मुख्य फाइल उचलली होती. तेव्हापासून आधी प्रोग्राम बंद, मग प्रत.

फोटोंचं टेबल, कीवर्डचं टेबल आणि त्यांना जोडणारं तिसरं, असं सगळं जुळवून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवली. त्याच ६१ फोटोंच्या कामाचं उत्तर आलं ७४.

वरचे १३ कोण, हे शोधण्यात एक रविवार गेला. चार ठिकाणी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि त्याची जेपेग जोडी वेगवेगळी मोजली गेली होती. उरलेले नऊ व्हर्च्युअल कॉपी निघाले, म्हणजे त्याच फोटोच्या कृष्णधवल आवृत्त्या. डेटाबेसमध्ये व्हर्च्युअल कॉपीच्या ओळीत मूळ फोटोचा क्रमांक नोंदलेला असतो, त्यामुळे त्या गाळणं म्हणजे एका अटीचं काम. पण गाळायच्या का? त्यातल्या काही क्लायंटने मागून घेतल्या होत्या, काही मी हौसेने केल्या होत्या. हाताने मोजताना मी कधी धरत होतो, कधी सोडत होतो. बहुधा त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. संगणकाला मूड सांगता येत नाही. शेवटी ठरवलं: मागितलेली आवृत्ती म्हणजे वेगळा फोटो, हौसेची फुकट. हा नियम मी धंद्याच्या पहिल्या वर्षीच लिहून ठेवायला हवा होता.

लेबलांचीही तीच तऱ्हा. लेबलाचा रंग रंग म्हणून साठवलेला नसतो, त्याचं नाव मजकूर म्हणून साठवलेलं असतं. मी मध्यंतरी लेबलांची नावं बदलली होती. म्हणून जुन्या फोटोंवर 'रेड' आणि नव्यांवर 'रिटच'. माझ्या स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, लेखी ही दोन वेगळी कामं.

हे सगळं निस्तरल्यावर लक्षात आलं, की मी चुकीच्या जागी मोजतोय. कॅटलॉगमध्ये माझं काम असतं. क्लायंटच्या हाती पडतात त्या एक्सपोर्ट केलेल्या फाइली. व्हर्च्युअल कॉपी असो वा मूळ, एक्सपोर्टनंतर प्रत्येकीची स्वतंत्र जेपेग होते, आणि मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) सोबत ठेवायला सांगितलं तर स्टार, लेबल, कीवर्ड तिच्या आतच जातात. शिवाय कॅटलॉगची आतली रचना मोठ्या आवृत्तीबरोबर बदलू शकते, स्टार आणि कीवर्ड मात्र एक्सएमपी या प्रमाणित रूपात लिहिले जातात. मग डेटाबेसचा नाद सोडला. तिथे खर्च केलेल्या वेळाबद्दल न बोललेलं बरं.

आता डिलिव्हरीच्या फोल्डरवर एक्सिफटूल चालवतो. फिल हार्वी यांचं हे मोफत साधन २००३ पासून आहे आणि अख्ख्या फोल्डरचा मेटाडेटा एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्यात, काढून देतं. क्लायंटसाठी कीवर्ड वापरणं बंद केलं, कारण एका फोटोचे सगळे कीवर्ड एकाच रकान्यात स्वल्पविरामाने जोडून येतात आणि त्यात शब्द शोधताना 'तातडीचं' व 'तातडीचं नाही' यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. त्याऐवजी आयपीटीसी या फोटोच्या माहितीसाठीच्या प्रमाणित पद्धतीतलं जॉब आयडेंटिफायर हे खास कामाच्या क्रमांकासाठीचं फील्ड भरतो. इतकी वर्षं ते पॅनेलमध्ये डोळ्यांसमोर होतं, मी कधी वाचलंच नव्हतं.

फजिती इथेही झालीच. पहिल्याच डिलिव्हरीत माझे आतले शेरे क्लायंटकडे गेले. 'अवघड त्वचा, दर जास्त' हे त्यातलं सांगण्याजोगं. म्हणून क्रम ठरवला: आधी मोजणी, मग कॉपीराइट वगळता बाकी मेटाडेटा पुसायचा, मग पाठवायचं. पुढच्या वेळी पुसलं, फोल्डरची झिप केली, पाठवली. एक्सिफटूल फाइल बदलताना मूळ फाइल 'ओरिजिनल' अशी शेपटी जोडून शेजारीच ठेवतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे पुसलेल्या फाइली आणि न पुसलेल्या फाइली, दोन्ही गेल्या. बॅकअप न ठेवण्याचा पर्याय आहे, तो आता लावतो, कारण एक्सपोर्ट पुन्हा केव्हाही काढता येतो.

गणिताचा भाग अर्ध्या तासात होईल वाटलं होतं. गुणाकार आणि बेरीजच तर आहे. पण स्क्रिप्टची रक्कम जुन्या स्प्रेडशीटशी अगदी शेवटच्या आकड्यात जुळेना. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. वर त्याचं राउंड हे फंक्शन अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं: २.५ चे २ आणि ३.५ चे ४. पैशांसाठी डेसिमल हे मॉड्यूल वापरलं आणि अर्धा नेहमी वर न्यायचा असं बजावून सांगितलं. तरीही एक बिल चुकलंच, कारण स्प्रेडशीटमध्ये मी कर प्रत्येक ओळीवर पूर्णांकात आणत होतो आणि स्क्रिप्टमध्ये एकूण रकमेवर. जिथे कर भरायचा तिथला नियम पाहून एक पद्धत धरली.

बिलाला सोबत फाइलनावांची यादीही जोडतो. स्क्रिप्ट ती आपोआप काढते, आणि आधीच्या बिलात येऊन गेलेलं नाव पुन्हा दिसलं तर थांबून मला विचारते.

तासांचं मात्र जमलं नाही. पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या वेळेवरून कामाचे तास काढावेत, असा बेत होता. एक्सिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या माहितीतली, तारीख वर्ष, महिना, दिवस यांच्यामध्ये अपूर्णविराम घालून लिहिलेली असते, म्हणून स्प्रेडशीट तिला तारीख मानत नाही. ते सोपं होतं. पण माझ्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळं एका तासाने वेगळी निघाली. वेळेसोबत टाइमझोनचा फरक लिहायची सोय एक्सिफमध्ये २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली, माझा जुना कॅमेरा त्याआधीचा. एका कामाचे तास उणे निघाले तेव्हा नाद सोडला. तासांची ओळ अजून हातानेच लिहितो, डायरीत बघून.