टिंपनीवर डबा ठेवू नये

इथं आल्यावर पहिली बोलणी खाल्ली ती मातीच्या प्रयोगशाळेत नाही, संगीताच्या इमारतीत. दुपार झालेली, पोटात कावळे ओरडत होते आणि दोन्ही बगलांत नोटेशनचे स्टँड. समोर कमरेएवढं उंच, वरून सपाट, कापडानं झाकलेलं काहीतरी दिसलं म्हणून पोळी-भाजीचा डबा त्यावर टेकवला. मागून पर्कशनचे, म्हणजे बडवायच्या वाद्यांचे सर आले. ओरडले नाहीत. "हे टेबल नाही," एवढंच म्हणाले, डबा दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिला, मग कापड काढून तळव्यानं ते वाद्य, म्हणजे टिंपनी नावाचा मोठा नगारा, हलकेच चाचपलं. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं.

मला कान धरावेसे वाटले. डफड्याला चुकून पाय लागला तर वाकून पाया पडायला लावणाऱ्या घरातला मी पोरगा.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. एम.एस्सी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, आणि आता पीएच.डी. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका राज्यात, जिथं सोयाबीन आपल्याइतकंच दिसतं आणि मका डोळे फिरतील इतका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. भांडी घासायची जागा भरलेली, बर्फ उपसायची होती पण माझी छाती झाली नाही. उरलं ते संगीत विभागातलं सामान हलवायचं काम. बाबांना सांगितलं, लायब्ररीत आहे.

खोटं का बोललो? आमचं घर वाजंत्र्याचं. जात सांगायची गरज नाही, डफडं वाजवणारं घर म्हटलं की गावात ती आपोआप कळते. आजा सनई वाजवायचा, बाबा डफडं, मोठे बाबा आधी सनई आणि मग तालुक्याच्या बँडपार्टीत क्लॅरनेट. 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली त्यानंतर शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी गावकीची कामं टाकली, त्यात वाजवणंही गेलं. आमच्या आज्यानं टाकलं नाही, पोट त्यावरच होतं. लग्नात नवरदेव मांडवात शिरला की आमची माणसं मांडवाबाहेर थांबायची. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना वाढायचे, तेही मांडवाच्या मागच्या अंगाला, चुलीजवळ. बुंदी संपलेली असायची. मी आठवीत गेलो आणि बाबांनी डफडं खुंटीला लावलं. पोरगा वाजंत्री म्हणून ओळखला जाऊ नये, एवढंच कारण.

आणि मी सात समुद्र ओलांडून टिंपनी ढकलत होतो.

इथं वाजवणारी माणसं प्राध्यापक असतात. बासरीला एक, ओबोला एक, क्लॅरनेटला एक, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रंपेट, ट्रोम्बोन, ट्युबा, सगळ्यांना आपापला मास्तर. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास एकट्याला शिकवणी, समोरासमोर, दार बंद. बाकीचे दिवस पोरं तळमजल्यावरच्या कोंदट खोल्यांत दिवसाला तीन-तीन, चार-चार तास घासतात. सत्राच्या शेवटी परीक्षा असते, तिला 'ज्युरी' म्हणतात. फुंकवाद्यांचे सगळे मास्तर ओळीनं बसतात, पोरगं एकटं समोर उभं राहून वाजवतं. मी बाहेर खुर्च्या लावायला असायचो. ट्रंपेटवाल्या एका पोराचे ओठ इतके सुकले होते की त्यानं माझ्या बाटलीतलं पाणी मागून प्यायलं. आत काय झालं माहीत नाही, बाहेर येऊन मात्र त्यानं बाटली परत दिली नाही.

बडवायच्या वाद्यांना मात्र सगळ्यांत मिळून एकच सर. जे जे बडवता येतं ते ते त्यांचं: स्नेअर, टिंपनी, मारिंबा, झांजा, त्रिकोण. आधुनिक रचनांत गाडीचा ब्रेक ड्रमही वाजवतात, तो कोपऱ्यात ठेवलाय. मी आधी भंगार समजून उचलायला गेलो होतो. टिंपनीचं मूळ आपल्या नगाऱ्याच्या घराण्यातलं. नक्कारा अरब-तुर्कांकडून युरोपात गेला, मध्ययुगीन इंग्रजीत त्याला 'नेकर' म्हणत. एवढा फिरून आलेला पाहुणा, आणि मी त्याच्या डोक्यावर डबा ठेवला.

सर नव्या पोरांना रबरी चकतीवर हात बसवायला लावतात. 40 ठरलेले बोल आहेत, त्यांना 'रुडिमेंट' म्हणतात. एकाचं नाव पॅराडिडल: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. नाव घेतलं की हात आपोआप चालतो. बाबाही तोंडानं म्हणूनच शिकवायचे, फक्त त्यांची यादी कुणी छापली नव्हती. एकदा सरांनी डफली हातात घेतली, ओला अंगठा कातड्यावरून घसरवला आणि घुंगरांची लांबलचक थरथर काढली. मला गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी आठवली. मी म्हणालो, आमच्या नागपूरच्या विद्यापीठाला खंजिरी वाजवून भजनं म्हणणाऱ्या माणसाचं नाव आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. 1923 चं विद्यापीठ, नाव 2005 ला बदललं. सरांना वाटलं मी थट्टा करतोय. फोनवर प्रवेशद्वाराचा फोटो दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. तिथं डफड्याचा प्राध्यापक कोण, असं त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

आता ओबोच्या बाई. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा, पण लिहिणं होणार नाही, म्हणून इथंच. बाईंची खोली सुताराच्या दुकानासारखी. सुऱ्या, दगड, धागे, छोटं मोजमापाचं यंत्र आणि जमिनीवर भुसा. ओबो म्हणजे आपल्या सनईचीच बहीण, दोन पत्त्या एकमेकींना चिकटवून मधल्या फटीतून फुंकायचं. ही पत्ती 'अरुंडो डोनॅक्स' नावाच्या बोरूच्या जातीची. बाई ती दक्षिण फ्रान्समधून मागवतात. बोरू चिरायचा, आतून कोरायचा, दुमडायचा, बारीक नळीवर धाग्यानं आवळायचा आणि मग सुरीनं तासत बसायचं, केसाच्या जाडीचे हिशेब. तासून झाली की नुसती पत्ती ओठांत धरून फुंकतात. जो आवाज येतो त्याला इथं 'क्रो' म्हणतात, म्हणजे कावळाच. कावळा नीट ओरडला तर पत्ती चांगली. एवढं करून ती आठ-पंधरा दिवस टिकते. बाई म्हणतात, मी संगीत शिकले पण आयुष्य सुतारकामात गेलं.

आज्याच्या सनईला जादा पत्त्या दोऱ्यानं लोंबत असायच्या, सोबत एक सुई. लहानपणी मला ते सनईचे दागिने वाटायचे.

हिवाळ्यात माझं काम वाढतं. बाहेर उणे 20, आत हीटर, हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. थंड ओबोत गरम फुंकर गेली की लाकूड तडकतं. मारिंबाच्या शिसवी पट्ट्याही कोरड्या हवेत सूर सोडतात. म्हणून वाद्यांच्या खोलीत पाणी उडवणारी यंत्रं, आणि त्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं माझ्याकडे. आमच्याकडे उलटं. श्रावणात डफडं भिजल्या पोत्यासारखं वाजतं, मग पऱ्हाट्या पेटवायच्या आणि कातडं शेकायचं, टणटण बोलेपर्यंत. आजही कोरड्या पऱ्हाटीच्या धुराचा वास आठवला की मला आधी कापूस नाही, वरात आठवते.

भिंतीवर कानांचा तक्ता आहे. 85 डेसिबलला 8 तास, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. सर पोरांना कानात बोळे घातल्याशिवाय ड्रमला हात लावू देत नाहीत. मोठ्या बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, बँडमध्ये साइड ड्रमवाला वर्षानुवर्षं त्यांच्या डाव्या हाताला असायचा. त्यांना बोळ्यांचं सांगितलं तर म्हणाले, "कानात बोये घालून वाजोते? मंग वाजलं का नाही थे समजते कसं?"

सगळंच इथं गोड आहे असं समजू नका. 'बसून' नावाचं एक लांबलचक फुंकवाद्य असतं, त्याच्या बाई तासिका तत्त्वावर आहेत. हो, अगदी आपल्या कॉलेजांतल्या सीएचबीवाल्यांसारख्या. तीन गावांतली तीन कॉलेजं, मधे शंभर-शंभर मैल गाडी, आरोग्य विमा नाही आणि पुढच्या सत्रात बोलावतील की नाही ते आधी कळत नाही. त्यांचं जेवण गाडीत होतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर सँडविच ठेवून खाताना मी त्यांना पाहिलंय. डॉक्टरेट आहे त्यांच्याकडे.

शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर मार्चिंग बँड उतरतो तेव्हा मात्र अख्खं गाव उभं राहतं. हे प्रकरण शेतीच्या कॉलेजात कुठून आलं? 1862 साली इथं कायदा झाला, राज्यांना जमिनी मिळाल्या, त्यांतून शेतीची आणि यंत्रविद्येची कॉलेजं निघाली. त्याच कायद्यात कवायत शिकवायची अट होती. कवायत आली की बँड आला. आपला लग्नाचा बँडही इंग्रजांच्या पलटणींकडूनच आलेला, लाल कोट आणि सोनेरी झालरीसकट. वाद्यं मीरतच्या जली कोठीतून, तिथं ती बनतात. आपली कृषी विद्यापीठं याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली. अकोल्यानं बियाणं घेतलं, विस्तार शिक्षण घेतलं, बँड तेवढा राहून गेला.

लायब्ररीचं बिंग फेब्रुवारीत फुटलं. व्हिडिओ कॉल चालू होता, मी खोलीत पाणी भरत होतो, फोन कपाटाला टेकवलेला.

"तुह्या मांगं थे काय हाय?"

"कुठं?"

"थे गोल."

मोठा बास ड्रम होता. लपवण्यासारखा नव्हता. मी सांगून टाकलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत, मागं मायचा कुकर शिट्टी देत होता.

"म्या डफडं खुंटीले लावलं थे कायच्यासाठी?"

मी काय सांगणार? वाजवत नाही, फक्त उचलतो, म्हणालो. मग उगाच बडबडत सुटलो. इथं वाजवणाऱ्याला प्रोफेसर म्हणतात, पोरं दार ठोकून आत येतात, भिंतीवर त्याचं नाव लिहिलेलं असतं.

"पगार टायमावर होते काय?"

"होते."

"अन् जेवाले कोठं बसते थो?"

सगळ्यांसोबत, मी म्हणालो. बसूनच्या बाईंचं सांगितलं नाही. बाबांनी "बरं" म्हणून फोन मायकडे दिला.

दोन दिवसांनी काही न लिहिता त्यांनी एक फोटो पाठवला. आज्याची सनई, उन्हात, बाजेवर ठेवलेली. दोऱ्याला तीन पत्त्या अजून लोंबतायत. मी तो ओबोच्या बाईंना दाखवला. त्यांनी सनईकडे पाहिलंच नाही, दोन बोटांनी फोटो ताणत पत्तीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, हा धागा कसा आवळलाय?

बाबांना विचारलं तर, "मी डफड्यावाला, मले काय इचारतं? तुह्या मोठ्या बाबाले इचार."

मोठ्या बाबांचा व्हिडिओ आला 11 मिनिटांचा. त्यात सात मिनिटं त्यांचा अंगठाच दिसतो. एक बकरी दोनदा येऊन जाते. पण धागा आवळतात तो भाग स्वच्छ आहे. ओठांत पत्ती भिजवतात, मग जरा दाबून फुंकतात, आणि कावळा ओरडतो. बाईंनी तेवढा तुकडा तीनदा पाहिला आणि वहीत काहीतरी काढून घेतलं. मग शेवटी ते काय बोलतात म्हणून विचारलं.

शेवटी मोठे बाबा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड आणून, बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं म्हणतात, "बाईले सांगजो, सुपारी असंन त कळवा म्हणा. लग्नसराई सोडून कवाबी येतो. जेवण अन् भाडं तुमच्याकडं."

मी बाईंना सांगितलं, ते तुम्हाला नमस्कार म्हणतायत.