पहिल्या पावसात तपासलेली वाट

मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात माझी एकतीस वर्षे गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, ती रात्र मी कुर्ल्यात मिठीच्या काठी काढली आहे. निवृत्तीनंतर काही तरुण मंडळी माझ्याकडे आली. मुंबईच्या डोंगरांतून निघून टप्प्याटप्प्याने सह्याद्रीच्या धारेपर्यंत पोहोचेल अशी पायवाट ती श्रमदानातून तयार करत होती. ‘काका, पाण्याचा निचरा तुम्ही पाहा,’ एवढीच त्यांची मागणी होती, आणि मी आनंदाने होकार दिला.

पहिला टप्पा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून जाणारा होता. वनखात्याच्या अटी स्पष्ट होत्या: सिमेंट वापरायचे नाही, झाडांना रंग लावायचा नाही, यंत्र आणायचे नाही आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडायचे. बिबट्याच्या वस्तीत काम करताना या अटी मला योग्यच वाटल्या. पहार, कुदळ, टिकाव, फावडे आणि घमेली एवढ्याच साधनांवर आठ शनिवार-रविवार काम चालले. बँकेतले कारकून, परिचारिका, लालबागचा एक सुतार, महाविद्यालयातली मुले अशी पंचवीस-तीस माणसे पहाटेच्या लोकलने येत असत. वाटेला बाहेरच्या अंगाला शंभराला पाच इतका कल द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवे ओलांडून उतरते. चढ शक्यतो शंभराला दहाच्या आत ठेवायचा. आणि जिथे पाणी वाटेवर येणारच, तिथे दगडांची तिरपी ओळ जमिनीत गाडून त्याला बाहेर काढायचे, हे मी त्यांना शिकवले. तिरप्या ओळीचा दगड दोन तृतीयांश तरी मातीत असावा लागतो, नाहीतर एकाच पावसाळ्यात तो सुटतो. सुताराने ही गोष्ट सर्वांच्या आधी ओळखली, आणि त्याने बसवलेला एकही दगड आजवर हललेला नाही.

चूक एकाच ठिकाणी झाली. उद्घाटनाची तारीख जूनमधल्या एका रविवारी ठरली होती आणि शेवटच्या उतरणीवर हाताशी दोनच दिवस उरले होते. तिथे जुनी वाट तीन वळणे घेऊन खाली जात असे. ती झाडोऱ्यात पुरती बुजली होती. मी १४० मीटरची सरळ रेघ आखली. चढ शंभराला तीस येत होता, पण दगडी पायऱ्या बसवल्या की भागेल, असा हिशेब मी केला. आमच्याबरोबर असणारे वयस्क वारली वनमजूर, ज्यांना सगळे बाबा म्हणत, तेवढे बोलले होते, ‘साहेब, तिथून आम्ही गुरंसुद्धा उतरवत नव्हतो.’ मी ते ऐकले आणि तरीही रेघ बदलली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी पहाटेपासून जोराचा पाऊस लागला. पाणी कुठे जाते हे पाहण्यासाठी याहून चांगला दिवस नाही, म्हणून परवानगी घेऊन आम्ही बाराजण निघालो. वरची वाट उत्तम टिकली होती. प्रत्येक तिरप्या ओळीवरून पाणी शांतपणे उताराला जात होते, आणि ते पाहताना त्या मुलांचे चेहरे ज्या रीतीने उजळले, ते मी विसरणार नाही. सरळ उतरणीच्या माथ्यावर मात्र आम्ही सगळे थांबलो. तिथे आता वाट राहिली नव्हती, तांबड्या पाण्याचा ओहोळ झाला होता. अकरा पायऱ्या उखडून खाली गेल्या होत्या, गुडघाभर खोल घळ पडली होती, आणि एका ऐनाच्या झाडाची मुळे उघडी पडली होती. या बाजूचे ओढे विहार तलावाकडे जातात. १८६० साली पूर्ण झालेल्या त्या तलावाचे पाणी मुंबई आजही पिते, आणि माझ्या आखणीमुळे सुटलेली माती त्याच दिशेने निघाली होती.

‘काका, उद्या दोनशे माणसं येणार आहेत,’ एक मुलगी म्हणाली. तिने आठही आठवडे घमेली वाहिली होती, त्यामुळे तिचा आवाज कापरा होणे स्वाभाविक होते. दोर बांधून माणसांना तेवढे उतरवता येईल, असे कोणीतरी सुचवले. ते शक्यही होते. पण घळ पडली की चालणारा कडेने उतरतो, कडेचा झाडोरा तुडवला जातो, घळ रुंदावते, आणि दोनशे पावलांनंतर ती दुरुस्त करण्यापलीकडे जाते. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पायवाटेची कल्पना १९२१ साली मांडली गेली आणि १९३७ साली ती सलग झाली. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या त्या वाटेचे कित्येक सरळ चढ स्वयंसेवकांना पुढे सोडून देऊन नव्याने वळवावे लागले. हे मी वाचलेले होते, म्हणून माझी चूक मला अधिक लागली. आखणी माझी होती, दोष माझा आहे आणि उद्घाटन होणार नाही, असे मी पावसात उभा राहूनच सांगितले. संध्याकाळपर्यंत आम्ही सर्वांना दूरध्वनी केले. काहीजण रागावले, बहुतेकांनी ‘खोदकामाला आम्हीही येतो’ असे सांगितले.

पुढच्या रविवारी मी सर्वांना कान्हेरीला नेले. कातळावर पडणारे पाणी लेणी कोरणाऱ्यांनी पन्हळी खोदून टाक्यांकडे वळवले आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि त्यांच्या दात्यांत कल्याणची माणसेही आहेत. शिकवण्यासारखे मला फार उरलेच नाही. मुले भर पावसात पन्हळींमागून धावत प्रत्येक थेंब कुठे पोहोचतो ते पाहत होती.

जुलैत आम्ही घळीत ठरावीक अंतराने आडवे दगड रचले आणि वनरक्षकांच्या संमतीने, २०२४ साली फुलून वाळलेल्या कारवीच्या काठ्या त्यावर अंथरल्या. माती ओलसर असतानाच, ऑक्टोबरमध्ये, बाबांनी दाखवलेली तीन वळणे खोदून काढली. १४० मीटरची उतरण ४२० मीटरची झाली.

दिवाळीनंतर वाट खुली झाली, तेव्हा सर्वांत पुढे बाबा चालले. तिसऱ्या वळणावर थांबून त्यांनी खाली वाकून पाहिले. रचलेल्या दगडांमागे गाळ साचला होता आणि त्यात गवत धरले होते.

‘अजून दोन पावसाळे लागतील,’ ते म्हणाले, आणि पुढे निघाले.