साठ विकत घेतलेल्या लिंक आणि हातचा गेलेला हंगाम

आमची देवगडजवळ हापूसची बाग आहे. बाग दादा बघतो, पुण्यातली विक्री मी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नेहमीची बाजारपेठ विस्कटली, तेव्हा कोकणातल्या अनेक बागायतदारांसारखा आम्हीही माल थेट सोसायट्यांमध्ये पोचवला आणि त्याच धावपळीत मी वेबसाइट उभी केली. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून गेलं. तयार फळ झाडाखाली पडलं, काही जुनी कलमं मुळासकट आडवी झाली. त्यानंतरचा हंगाम हातचा जाऊ द्यायचा नाही, या घाईत मी नोव्हेंबर २०२१ मध्ये पैसे देऊन बॅकलिंक घेतल्या. पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मला मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर खूप मदत झाली असती.

दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं ते याच कल्पनेवर, की ज्याच्याकडे जाणती माणसं बोट दाखवतात त्याचं वजन जास्त. लिंक म्हणजे साक्ष. मी साक्षीदार विकत घेतले.

एका एजन्सीने अठरा हजारांत साठ गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर आपली लिंक घालून टाकलेले लेख, देऊ केल्या होत्या, सगळ्या ‘डीए तीसच्या वरच्या’ साइटवर. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटचं वजन दाखवणारा आकडा. तो गूगलचा नसून एका खासगी कंपनीच्या टूलचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोनवरच्या माणसाला मी विचारलं होतं, यात धोका नाही ना? तो म्हणाला, “मॅडम, गूगल आता खराब लिंककडे दुर्लक्ष करतं. वाईट काहीच होत नाही, झाला तर फायदाच.”

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले. २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तेव्हा अशा लिंकवाल्या साइट सरसकट खाली जायच्या. २०१६ पासून ती यंत्रणा बहुतेक वेळा अशा लिंकचं वजन फक्त शून्य धरते, म्हणजे निदान पैसे तरी वाया जातातच. पण त्या यंत्रणेच्या शेजारी गूगलची माणसंही बसलेली असतात. ती हाताने साइट तपासतात आणि हाताने कारवाई करतात. तिला मॅन्युअल अॅक्शन म्हणतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीवर ती झाली होती. २०१२ मध्ये पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टमुळे गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानालाही साठ दिवस खाली ढकललं होतं.

जानेवारीत आमची साइट गूगलच्या शोधात तिसऱ्या पानावरून पहिल्यावर आली. ११ फेब्रुवारीला सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, संदेश आला, की तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक आढळल्या आहेत, कारवाई संपूर्ण साइटला लागू आहे. दोन दिवसांनी आमचं स्वतःचं नाव टाकूनही साइट दिसेना. दादाचा फोन आला, “काय गो बाय, यंदा ऑर्डरीचो फोन वाजणा नाय?” मी त्याला लगेच खरं सांगितलं नाही. चार दिवस तसेच काढले.

एजन्सीकडे दोन उपाय तयार होते. एक, आणखी ‘चांगल्या’ लिंक घ्या म्हणजे वाईटांचं प्रमाण कमी दिसेल. दोन, नवं डोमेन, म्हणजे साइटचा नवा पत्ता, घ्या आणि जुनं त्यावर वळवा. मी दोन्हींना नाही म्हटलं. जुनं वळवलं की जुन्याचं ओझंही नव्यावर येतं, एवढं तोवर वाचलं होतं.

मग सफाई. एजन्सीच्या यादीत साठ लिंक होत्या, सर्च कन्सोलच्या यादीत दोनशे चौदा डोमेन. संख्या फुगवायला त्यांनी सॉफ्टवेअरने कमेंट, डिरेक्टरी, प्रोफाइल असं बरंच काही न सांगता टाकलं होतं. मी प्रत्येक साइट उघडून बघितली. रात्री मुलं झोपल्यावर बसायचे. कुठे एखाद्या बंद पडलेल्या शाळेचं सोडून दिलेलं डोमेन कोणीतरी घेतलेलं, त्यावर कसिनो, कर्ज, केस गळणं आणि मध्येच आमचा आंबा. एका लेखात हापूसचा हंगाम डिसेंबरात म्हटला होता, दुसऱ्यात आमची बाग नागपूरजवळ नेऊन ठेवली होती. आणि लिंकवरचे शब्द सगळीकडे तेच, ‘बाय देवगड अल्फान्सो ऑनलाइन’. साठ वेगळी माणसं आपल्या मनाने लिहितील तर साठ तऱ्हांनी लिहितील. तपासणाऱ्याला वेगळा पुरावा लागलाच नसेल.

त्यातल्या एका रात्री दादाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आपल्या पेटीत भायरचो आंबो.” आमच्याकडे याहून वाईट शब्द नाही. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तक्रार करतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादाने घरी पेढे आणले होते. आणि माझ्या साइटच्या पेटीत मी दुसऱ्यांचं वजन भरलं होतं.

सगळ्या साइटना ईमेल पाठवले. जिथे पत्ता नव्हता तिथे संपर्काचा फॉर्म भरला. एकतीस जणांनी लिंक काढली. नऊ जणांनी काढण्याचे पैसे मागितले, ते मी दिले नाहीत. त्यांचे ईमेल तारखेसह शीटमध्ये नोंदवले. बाकीच्यांचं उत्तरच आलं नाही.

उरलेल्यांसाठी डिसअव्हाऊ फाइल. साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीत एक डोमेन, त्याच्या आधी ‘डोमेन’ हा इंग्रजी शब्द आणि विसर्गासारखं चिन्ह. या लिंक माझ्या खात्यात धरू नका, असं गूगलला सांगायची ती सोय. इथे दोन ठिकाणी मी अडले. माझी साइट सर्च कन्सोलमध्ये ‘डोमेन प्रॉपर्टी’ म्हणून जोडलेली होती आणि ते टूल अशी प्रॉपर्टी घेतच नाही. पूर्ण पत्त्यासह साइट पुन्हा वेगळी जोडावी लागली. दुसरी चूक मोठी होती. घाईत मी अनोळखी दिसणारं प्रत्येक डोमेन फाइलमध्ये टाकलं, त्यात औंधच्या एका ग्राहकाची छोटीशी साइटही गेली. त्यांनी आमच्या पेटीबद्दल, साका (आतून खराब झालेला गर) न निघालेल्या आंब्यांबद्दल, आपणहून लिहिलं होतं. आमच्याकडची सर्वांत खरी साक्ष मीच फेटाळायला निघाले होते. अपलोड करण्याआधी शेवटचं वाचताना ते नाव दिसलं आणि हात थरथरला. त्यानंतर फाइलची प्रत्येक ओळ पुन्हा तपासली.

मार्चच्या मध्यावर फेरविचाराचा अर्ज केला. त्यात सगळा दोष एजन्सीवर टाकला. पाडव्याच्या पाच दिवस आधी नकार आला. सोबत अजून शिल्लक असलेल्या लिंकची तीन उदाहरणं होती, आणि त्यातली दोन एजन्सीची नव्हतीच.

ती माझी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी काही खाद्यलेखिकांना एकेक पेटी भेट पाठवली होती आणि लिहाल तेव्हा साइटची लिंक द्या, असं सुचवलं होतं. मला ते कधी व्यवहार वाटलंच नाही, आमच्याकडे आंबा पाठवणं ही आपुलकीची गोष्ट. पण गूगलच्या नियमात पैशांच्या जागी वस्तू दिली तरी ती लिंक विकतचीच. अशी लिंक ठेवायची तर तिच्यावर नोफॉलो किंवा स्पॉन्सर्ड अशी खूण लागते, म्हणजे ती साक्ष म्हणून धरू नका असं गूगलला कळतं. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९ पासून.

हे फोन सगळ्यांत अवघड गेले. एक जण म्हणाली, “ताई, मी मनापासून लिहिलं होतं हो. जाहिरात म्हणून नाही.” मला ते माहीत होतं. मी तिला म्हटलं, “तुझं लिहिणं खरंच आहे गं, त्यातला शब्दही बदलू नकोस. पण पेटी मी पाठवली होती, तेवढं वाचणाऱ्याला कळू दे.” तिने लिंकवर खूण केली आणि लेखाच्या वर एक ओळही घातली, की आंबे भेट मिळाले होते. सहापैकी पाच जणींनी असं केलं, सहावीने लेखच काढला. तिचा राग मला समजतो.

दुसरा अर्ज ८ एप्रिलला. या वेळी सगळं जसं घडलं तसं लिहिलं. किती पैसे दिले, कधी दिले, पावती, भेट पाठवलेल्या पेट्या, दोनशे चौदा ओळींची शीट, कोणाला कधी ईमेल केला. एजन्सीला मी नेमलं होतं, म्हणून जबाबदारी माझी, हेही. २९ एप्रिलला कारवाई मागे घेतल्याचा संदेश आला. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती.

आता सगळं पूर्ववत होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. आमच्या नावाने शोधलं की साइट पुन्हा दिसू लागली, पण पहिल्या पानावर काही ती आली नाही. ती जागा त्या साठ लिंकच्या जोरावर होती, आणि आता त्यांचं वजन उरलं नव्हतं. त्या हंगामात जुन्या ग्राहकांनी व्हॉट्सअॅपवर ऑर्डर दिल्या म्हणून निम्मा माल घरोघरी गेला. उरलेला दादाने वाशीला दलालाकडे पाठवला, मिळेल त्या भावाने.

पावसाळ्यात मी साइटवर लिहायला बसले. आढी कशी लावायची, साका बाहेरून ओळखू का येत नाही, मोहरावर थंडी कमी पडली की काय होतं. सगळं दादाला विचारून, त्याच्या शब्दांत. वर्षभरात चार ठिकाणांहून लिंक आल्या, कोणालाही न सांगता. पुढच्या एप्रिलमध्ये ‘मनापासून लिहिलं होतं’ म्हणणाऱ्या त्या लेखिकेचा मेसेज आला. दोन पेट्या हव्या होत्या. पैसे तिने आधीच पाठवले होते.