पाळणाघर निवडताना आधी जागा पाहा

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात चिमुकल्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण बाहेर आले आणि तेव्हापासून नवी मुंबईत पाळणाघर पाहायला जाणारे आईवडील पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचा विचारू लागले. तो प्रश्न रास्तच आहे. सांभाळणाऱ्या मावशी किती, जेवण कुठून येते, एसी आहे का, हे प्रश्नही ओघाने येतात. मात्र या जागेत आधी काय होते आणि शेजारी काय चालते, हा प्रश्न मी फार क्वचित ऐकला आहे. धाकट्या बहिणीच्या मुलासाठी ऐरोली ते कोपरखैरणे या पट्ट्यात आम्ही दोघींनी अलीकडे बरीच पाळणाघरे पाहिली. एमआयडीसीतल्या हवेचे आणि सांडपाण्याचे नमुने तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली असल्यामुळे माझे लक्ष भिंतीवरच्या चित्रांपेक्षा खिडकीबाहेर जास्त जात होते.

लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेते, जास्त पाणी पिते आणि दिवसाचा बराच वेळ जमिनीपासून हातभर उंचीवर असते. फरशीवर साचलेली धूळ रांगणाऱ्या बाळाच्या तळहाताला लागते आणि तोच हात पुढच्या क्षणी तोंडात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते, आणि मेंदूची वाढ होत असताना त्याने झालेली हानी पुढे भरून निघत नाही. आपण ऑफिसात ज्या हवेत आठ तास काढतो, त्याच हवेत आठ तास घालवणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाच्या वाट्याला त्यामुळे वेगळाच परिणाम येतो.

जागेचा इतिहास न विचारल्याने काय होते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यू जर्सी राज्यातल्या फ्रँकलिनव्हिल या गावात ‘किडी कॉलेज’ नावाचे पाळणाघर ज्या इमारतीत चालत होते, तिथे पूर्वी थर्मामीटर बनवण्याचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, इमारतीची डागडुजी झाली आणि मुले येऊ लागली. २००६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा खोल्यांच्या हवेत पाऱ्याची वाफ सापडली आणि अनेक मुलांच्या लघवीत पाऱ्याचे प्रमाण वाढलेले आढळले. पाऱ्याच्या वाफेला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे तिथल्या शिक्षिकांना किंवा पालकांना नुसत्या पाहण्याने काही कळणे शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी त्या राज्याने पाळणाघरांच्या परवान्यासाठी जागेच्या पर्यावरणीय तपासणीचा कायदा केला. २०१७ पासून तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने सर्व राज्यांसाठी याच विषयावर मार्गदर्शन सुरू केले. जागेचा पूर्वीचा वापर, शेजारून आत येऊ शकणारी रसायने, जमिनीत मुळातच असलेले दूषित घटक आणि पिण्याचे पाणी, असे चार मुद्दे त्यात पाहायला सांगितले आहेत.

यातले पहिले दोन मुद्दे ठाणे आणि नवी मुंबईला नेमके लागू पडतात. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. कोलशेत, पोखरण रस्ता, माजिवडा या भागांत जिथे एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आज टॉवर उभे आहेत. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला निदान पर्यावरण मंजुरी तरी घ्यावी लागते. रस्त्यालगतच्या एखाद्या गाळ्यात काल बॅटऱ्या दुरुस्त होत होत्या आणि उद्यापासून तिथे मुले झोपणार आहेत, याची दखल मात्र कोणी घेताना मला दिसलेले नाही. मला खरी काळजी वाटते ती अशा छोट्या, नजरेआड होणाऱ्या बदलांची. बॅटरीच्या दुकानात शिसे आणि आम्ल असते, मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम आणि निकेल, सोन्याचांदीच्या कारागिरीत आम्लाच्या वाफा, तर ड्रायक्लीनिंगमध्ये पर्क्लोरोइथिलीन नावाचे द्रावक, ज्याची वाफ भिंतीतून आणि स्लॅबमधूनही शेजारच्या खोलीत झिरपते. नव्या टाइल्स बसवल्या आणि नवा रंग दिला म्हणजे खालच्या कोब्यात मुरलेले निघून जाते असे नाही.

ही माहिती मिळवणे वाटते तेवढे कठीण नाही. समोरचा किराणा दुकानदार आणि नाक्यावरचे रिक्षावाले गाळ्याचा सगळा इतिहास सांगतात. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जुन्या भाडेकरूंची नोंद असते. मोठा भूखंड असेल तर गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात आणि आज हिरवळ दिसते तिथे पूर्वी काय होते, ते बऱ्यापैकी कळते. शेजारी एखादा कारखाना असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याला कोणत्या रंगाच्या वर्गवारीत संमती दिली आहे ते विचारावे. लाल वर्ग सर्वाधिक प्रदूषणक्षम उद्योगांचा असतो.

घणसोलीत एका रो-हाऊसच्या तळमजल्यावरचे पाळणाघर आम्हांला पाहताक्षणी आवडले होते. ताई प्रेमळ होत्या, स्वयंपाकघर लख्ख होते, खेळणी धुतलेली होती. मागच्या खोलीत, जिथे मुलांच्या गाद्या घातल्या होत्या, तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावरून मी ओला पांढरा रुमाल फिरवला, तर त्यावर तेलकट काळा पट्टा उमटला. रस्त्यावरची धूळ करडी आणि कोरडी असते, हे काजळ वेगळे होते. खिडकीतून वाकून पाहिल्यावर शेजारच्या व्यापारी इमारतीच्या जनरेटरचे धुरांडे दिसले, जेमतेम पाच-सहा फुटांवर आणि तोंड आमच्याच दिशेला. “ताई, हा जनरेटर कधी चालू असतो?” असे बहिणीने विचारले. “लाइट गेली की, आणि रोज दुपारी थोडा वेळ चालवून बघतात. पण आम्ही तेव्हा खिडकी लावून घेतो,” त्या म्हणाल्या. दुपारची ती वेळ मुलांच्या झोपेची होती. ताईंचा हेतू शंभर टक्के चांगला होता, परंतु डिझेलच्या धुरातले कण लावलेल्या सरकत्या खिडकीच्या फटीतूनही आत येतात, आणि कट्ट्यावरच्या काजळीने ते दाखवूनही दिले होते.

त्याच खोलीच्या ग्रिलचा रंग एका कोपऱ्यात उडाला होता आणि आत क्रीम, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा असे थर दिसत होते. दात येणारे मूल उभे राहायला शिकते ते अशाच ग्रिलला धरून, आणि हिरड्या शिवशिवल्या की तोच गज चावते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचे थर जुन्या घरांच्या ग्रिलवर, दारांवर आणि कपाटांवर अजून आहेत. ते कोरडे घासून काढणे सर्वांत वाईट, कारण त्याची धूळ घरभर पसरते. पोपडे ओले करून, मुले नसताना काढावेत आणि वर नवा रंग द्यावा, एवढे मात्र कोणत्याही चालिकेला सांगता येते आणि बहुतेक जणी ते मनावर घेतात.

पाहणीची वेळ हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नवी मुंबईच्या या पट्ट्याची रचना डोळ्यांसमोर आणा: पूर्वेला पारसिकचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी दिघा ते तुर्भे पसरलेली एमआयडीसी, मग ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे, आणि पश्चिमेला खाडीपर्यंत आपली राहती वस्ती. दिवसा वारा समुद्राकडून येतो, तेव्हा कारखान्यांचा धूर डोंगराकडे जातो. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, आणि हिवाळ्यात थंड हवेचा थर खाली बसून राहिला की सकाळी उशिरापर्यंत रसायनांचा वास कोपरखैरणे-तुर्भे भागात रेंगाळतो. आपण पाळणाघर पाहायला जातो रविवारी दुपारी, जेव्हा समुद्रवारा असतो आणि रस्त्यावर अवजड वाहनेही कमी असतात. त्याऐवजी कामाच्या दिवशी, शक्य तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी आठच्या सुमारास जावे, कारण मुले सोडण्याची वेळ तीच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर महापे, नेरुळ अशा केंद्रांचे आकडे दिसतात. त्यांवरून शहराची हवा समजते, एका गल्लीची समजत नाही, म्हणून नाक आणि ओला रुमाल यांना पर्याय नाही. वाहनांचा धूर रस्त्यापासून पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये बराच विरळ होत जातो. त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या काचेच्या चकचकीत गाळ्यापेक्षा आतल्या गल्लीतली पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची साधी सदनिका मी केव्हाही पसंत करीन.

मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. रासायनिक कारखान्याजवळच्या पाळणाघराला म्हणून हे स्पष्ट विचारावे की वायुगळती किंवा स्फोट झाल्यास मुलांना कोणत्या दिशेने आणि कोण नेणार. नुसते ‘काही होत नाही हो’ असे उत्तर आले तर मी तिथे मूल ठेवणार नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या यंत्राला जंतू दिसत नाहीत आणि शिसेही दिसत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. टाकी शेवटची कधी धुतली ते विचारावे आणि टँकरचे पाणी येत असेल तर ते प्यायला वापरत नाहीत याची खात्री करावी. खाडीलगतच्या सखल सेक्टरांत तळमजल्यावर पावसाळ्यात पाणी शिरते का, भिंतीला बुरशी धरते का, आणि इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) कबुतरांची विष्ठा साचली आहे का, हे दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांसाठी जरूर पाहावे.

एवढे सगळे पाहूनही पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. आम्ही भेटलेल्या बहुतेक जणींनी आधी एखाद्या सोसायटीत जागा शोधली होती आणि त्यांना नकार मिळाला होता. मुलांचा आवाज, गाड्यांची गर्दी, अनोळखी माणसांची ये-जा ही कारणे देऊन आपल्याच सोसायट्या पाळणाघरांना आतल्या शांत इमारतींमधून बाहेर काढतात आणि या बायका मग गॅरेज आणि जनरेटरच्या शेजारचा गाळा घेतात. बहिणीच्या मुलाला अखेर ऐरोलीत आतल्या सेक्टरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी जागा मिळाली, तीही त्यांच्या सोसायटीने वेळेच्या आणि मुलांच्या संख्येच्या अटी घालून परवानगी दिली म्हणून. त्या परवानगीच्या ठरावाची प्रत मी मागून घेतली आहे आणि आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत तसाच ठराव मांडण्यासाठी सेक्रेटरींकडे अर्ज दिला आहे. कोणाला आपल्या सोसायटीत मांडायचा असेल, तर नावे वगळून त्याचा मसुदा मी पाठवू शकेन.